साथ आल्यावर नव्हे, आधी परिपत्रक काढा

महोदय,

साथ आली की शाळा बंद करण्याचा आदेश एका रात्रीत निघतो. शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी कुठे बसून नेमके काय करायचे, हे मात्र कोणी लिहून देत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी हेच झाले. मुले घरी होती आणि कित्येक शाळांत शिक्षक मस्टरवर सही करून रिकाम्या वर्गात बसून होते. ज्यांच्या घरी बरे नेट होते, त्यांनाही नेट नसलेल्या शाळेत येऊन ‘ऑनलाइन’ शिकवावे लागले. पुढची साथ कोणती आणि कधी, हे सांगता येणार नाही. पण घरून कामाचे एक कायमस्वरूपी परिपत्रक गोव्याच्या शिक्षण खात्याने आत्ता, सगळे सुरळीत असताना, काढून ठेवायला काय हरकत आहे? त्यात काय असावे, एवढ्यापुरते हे पत्र.

पहिली गोष्ट, परवानगी राज्यभर एकच नको. जून २०२० च्या सुरुवातीला वास्कोचा मांगोरहिल बंद झाला, तो एका वस्तीपुरता. साथ अशीच येते; आधी वाडा बंद होतो, तालुका नव्हे. म्हणून शिक्षकाचे घर बंद क्षेत्रात आहे का, शाळा आहे का, की या दोहोंमधला रस्ता बंद आहे, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर घरून काम. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, बांदा भागातून गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या शाळांत येणाऱ्यांना तिसरा प्रश्न लागू होतो. त्या वेळी सीमा बंद झाली, तेव्हा धडधाकट माणूसही पत्रादेवीच्या सीमानाक्यापलीकडे अडकला. घरात गरोदर बाई, डायलिसिसवरचा किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल, किंवा शिक्षक स्वतःच तसा असेल, तर डॉक्टरांचा साधा दाखला पुरावा. त्या दाखल्यावर आजाराचे नाव लिहायची सक्ती नको. स्टाफरूममध्ये अशी गोष्ट दुपारपर्यंतही लपत नाही.

परवानगी द्यायची मुख्याध्यापकांनी, त्याच दिवशी, चौदा दिवसांसाठी, आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना कळवून. फाइल पर्वरीला, खात्याच्या मुख्य कार्यालयात, जाऊन परत येईपर्यंत साथ ओसरलेली असते. चौदा दिवसांनी ती आपोआप संपावी, हवी तर पुन्हा घ्यावी. मुदत नसलेली सवलत कोण कधी थांबवणार, हे कोणालाच ठाऊक नसते आणि मग ती एका फटक्यात सगळ्यांची काढून घेतली जाते.

आणि आजारी शिक्षकाला घरून काम नको, रजा हवी. या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या की ताप अंगावर काढून वर्ग घेतले जातात. एकशिक्षकी प्राथमिक शाळेत हा प्रश्न जास्त बोचतो, कारण तिथे पहिली ते चौथीचे सगळे वर्ग एकाच्याच गळ्यात. अशा शाळांच्या जवळच्या शाळेशी आधीच जोड्या लावाव्यात आणि दोन्ही शिक्षकांकडे एकमेकांच्या मुलांची यादी आणि फोन नंबर ठेवावेत.

आता मुख्य मुद्दा, घरून करायचे काम म्हणजे काय. ते ‘ऑनलाइन वर्ग’ असे लिहून टाकले की फसलेच म्हणायचे. हिशोब सोपा आहे. तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला अर्धा ते एक जीबी डेटा जातो. घरात फोन एक, त्याला रोजचा दीड जीबीचा पॅक, आणि शाळेत जाणारी भावंडे दोन. तिसऱ्या तासाला पॅक संपतो. त्यात तो फोन बापाचा असेल तर तो सकाळी बापाबरोबर कामावर गेलेला. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ गावांत मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे साऱ्या गोव्याने पाहिले. पावसात झाड तारांवर पडून वीज गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही उतरते. मग टेकडीवर चढूनही उपयोग नसतो. केंद्राच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेनेच पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सांगितली होती, नववी ते बारावीसाठी चार. तरीही शाळेचे अख्खे वेळापत्रक पडद्यावर उतरवण्याची हौस काही सुटली नाही.

प्राथमिकसाठी कणा कागदाचा हवा, फोन त्याच्या मदतीला. आठवड्याला एका मुलामागे भाषेची चार पाने, गणिताची चार, परिसर अभ्यासाची दोन, अशी दहा पाने. पाठपोट छापली तर कागद पाच. वीस मुलांच्या वर्गाला शंभर, म्हणजे पाचशे कागदांचे एक रीम पाच आठवडे पुरते. प्रत्येक मुलाच्या नावाची दोन पाकिटे करायची, एक घरी आणि एक शाळेत, सोमवारी अदलाबदल. पावसाळ्यात पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत हवेच, नाहीतर आलेल्या कागदावरची शाई वाचता येत नाही. शिक्षकाने मजकूर रविवारपर्यंत पाठवायचा, शाळेत त्या दिवशी पाळी असलेल्याने प्रती काढायच्या आणि पाकिटे माध्यान्ह आहाराच्या शिध्याबरोबरच द्यायची, म्हणजे पालकाची एक फेरी वाचते. वाडा बंद असेल तर वाटपाचे काम पंचायतीच्या स्वयंसेवकाकडे. एका पानावर एकच सूचना, आणि ती पालकाला मोठ्याने वाचता येईल अशी. ‘खालील उदाहरणे सोडवा’ असे लिहून वर एकही सोडवलेले उदाहरण नसेल, तर ते पान कोरेच परत येते.

फोनचे खरे काम आवाजाचे. पाच मिनिटांची व्हॉइस नोट एक एमबीच्या आत बसते आणि रेंज आली की आपोआप उतरते. त्याहून मोलाचा साधा फोन. चोवीस मुले असतील तर रोज पाचजणांना दहा-दहा मिनिटे, म्हणजे आठवड्यात सगळी होतात. मुलाला त्याच पाकिटातला उतारा वाचायला लावायचा. ‘प्रश्न’, ‘विद्यार्थी’, ‘सूर्य’ अशा जोडाक्षरांवर ते कुठे अडते ते लगेच कळते. घरी कोंकणी बोलणारे मूल वाक्य सांगताना मधूनच ‘म्हाका’ म्हणते. तेही कानावर पडते आणि पुढच्या पाकिटात त्यावर दोन ओळी घालता येतात. हे फोन मात्र संध्याकाळी सात ते साडेआठलाच लागतात, कारण फोन घरी येतो तेव्हाच. म्हणून घरून कामाचे तास सकाळच्या सत्राला बांधणे निरर्थक आहे. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, तयारीसकट. ते ४५ तास मोजा, सकाळचा आठचा ठोका मोजू नका.

पहिलीची गोष्ट वेगळी, तिथे थोडे थांबायला हवे. मुलाने लिहिलेल्या ‘क’ चा फोटो सुबक दिसतो, पण तो अक्षर कुठून सुरू केले हे सांगत नाही. कितीतरी मुले आधी शिरोरेघ ओढतात आणि मग तिला खाली अक्षर टांगतात. वर्गात बाई हात धरून हे दोन मिनिटांत सुधारते. फोटोवर ‘छान’ असा शेरा मारला की ती सवय पक्की होते. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा, लिहिणाऱ्या हाताचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. चेहरा नको, फक्त हात, पेन्सिल आणि वही. फोन वहीच्या वर नको, कारण मुलाच्या डोक्याची सावली पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला धरायचा. पेन्सिलची पकडही त्यातच दिसते.

तपासणीत शिक्षक बुडतो तो असा. तीस मुले आणि रोज तीन विषयांचे फोटो म्हणजे नव्वद. एकाला दोन मिनिटे धरली तरी तीन तास, तेही पाच इंचांच्या पडद्यावर फिकी पेन्सिल वाचत. दोन आठवड्यांत डोळे दुखू लागतात, फोन भरतो आणि मग नुसते अंगठे दिले जातात. रोज मुलामागे एकच फोटो, विषय आलटून पालटून, एवढे ठरवले तर काम तासात होते आणि शेरा लिहायला वेळ उरतो. बाकीचे पाकिटातून परत येतेच.

‘घरी बसून पगार’ हा टोमणा येणारच, आणि तो अगदीच निराधार नाही. काहींनी त्या काळात यूट्यूबची लिंक टाकण्यापलीकडे काही केले नाही. पण त्यावर इलाज मस्टर नव्हे. मस्टर फार तर शिक्षक आठ वाजता आला एवढे सांगते. आठवड्याला एक पानाचा अहवाल घ्यावा: किती पाकिटे परत आली, किती मुलांचे वाचन ऐकले, आणि ज्यांच्याशी अजिबात संपर्क झाला नाही त्यांची नावे. महत्त्वाचा तो शेवटचा रकाना. त्यात तेच नाव दोन आठवडे राहिले तर मुख्याध्यापकांनी पंचायत सदस्यामार्फत चौकशी करायची. तो रकाना कायम कोरा येत असेल तर एक-दोन पालकांना फोन लावून पाहावा. पूर्ण संपर्क फक्त कागदावरच साधतो.

आणखी दोन-तीन गोष्टी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदतकार्य या कामांसाठी शिक्षकांना नेमू देते, त्यामुळे घरोघर सर्वेक्षणाला ते जाणारच. पण ज्या दिवशी सर्वेक्षण त्या दिवशी शिकवण्याचा अहवाल मागू नये. कागद, झेरॉक्स आणि एका जादा सिमकार्डाचा खर्च शाळेच्या अनुदानातून व्हावा. जादा सिम चैनीसाठी नव्हे. वर्गाच्या ग्रुपमध्ये शिक्षिकेचा खासगी नंबर आणि आठवी-नववीच्या मुलींच्या घरचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि त्याचा त्रास पुढे वर्षभर निस्तरावा लागतो. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने लिहावे, शंका थेट शिक्षकाला विचाराव्यात, रात्री साडेआठनंतर काहीही नको.

घरून काम म्हणजे सगळेच घरून, असाही अर्थ नाही. गोवा मंडळाने २१ मे २०२० पासून दहावीची परीक्षा प्रत्यक्ष घेतली. परीक्षा, प्रयोगशाळा, दाखले, शिधावाटप यांना माणूस लागतोच. त्यासाठी पाळी लावावी आणि पाळीची यादी दारावर चिकटवावी, म्हणजे दाखल्यासाठी आलेल्या पालकाला हेलपाटा पडत नाही.

यातले एक काम साथीची वाट न पाहता करता येते. शालेय वर्ष सुरू होताना प्रवेशाच्या कागदांबरोबर प्रत्येक घराचा एक छोटा तक्ता भरून घ्यावा: दोन फोन नंबर, फोन कोणाचा, तो किती वाजता घरी असतो, रेंज घरात कुठे मिळते, आणि फोन लागला नाही तर निरोप कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायचा. हा तक्ता शाळा बंद झाल्यावर भरायला घेतला तर पहिले दहा दिवस त्यातच जातात.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली