चि. अनिकेतला पत्र : सहा मशिनांचा हिशेब

वाई, ९ जानेवारी

चि. अनिकेत यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशेबाचा तक्ता मी दोनदा नुसता वाचला आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचला. पुण्यातील मॉलमधला गेम झोन बंद होतो आहे, तेथील सहा मशिने (शर्यतीची दोन, नेमबाजीचे, खेळणी उचलणाऱ्या पंजाचे, एअर हॉकी आणि बास्केटबॉल) मिळून ९ लाखांना मिळत आहेत, महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील हॉटेलवाले गल्ल्याच्या ४० टक्के हिश्श्यावर तळमजल्याची जागा द्यायला तयार आहेत आणि तुझ्या आकडेमोडीप्रमाणे सहा-सात महिन्यांत भांडवल सुटते. तेव्हा ६ लाखांचे कर्ज तू काढावेस आणि उरलेल्या ३ लाखांसाठी मी माझी ठेव मोडावी, असा एकंदर बेत आहे. ठेव मोडायला माझी ना नाही. मात्र ज्या एका आकड्यावर हा सगळा डोलारा उभा आहे तो मला पटलेला नाही, आणि फोनवर सांगू लागले की तू मध्येच बोलतोस, म्हणून हे लिहिते आहे.

तो आकडा म्हणजे दर मशीनमागे दिवसाला ४० खेळ. एका खेळाचे ४० रुपये धरून तू एका मशीनचे दिवसाचे १,६०० रुपये काढलेस, सहा मशिनांचे ९,६०० काढलेस, त्याला तीसने गुणून महिन्याचे २ लाख ८८ हजार केलेस आणि बारा महिने तेच उत्पन्न मांडून वर्षाला साडेचौतीस लाखांपर्यंत गेलास. गुणाकारात चूक नाही. पण हे ४० खेळ कोणी मोजले? विक्रेत्याने सांगितले, आणि तू स्वतः एका रविवारी संध्याकाळी जाऊन गर्दी पाहून आलास. रविवार संध्याकाळची गर्दी पाहून वर्षाचा हिशेब करणे म्हणजे लग्नघरातील पंगत पाहून त्या घरचा रोजचा किराणा ठरवण्यासारखे आहे.

१९९४ ते २००५ या काळात वाईतील आपल्या व्हिडिओ गेम पार्लरची वही मी लिहीत होते, हे तुला माहीत आहे. त्या वहीत काय लिहिले जात होते ते मात्र तू कधी पाहिले नाहीस. प्रत्येक मशीनला एक पान होते. रोज रात्री गल्ला उघडला की त्या मशीनची रक्कम त्या पानावर, शेजारी वार, आणि मशीन किती तास बंद होते तेही. सगळ्या मशिनांची रक्कम एकत्र लिहू द्यायला तुझ्या बाबांना मी कधीच तयार झाले नाही, कारण एकत्र रकमेत चांगले मशीन वाईटाला पोसत राहते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या चार मशिनांपैकी निम्म्याहून अधिक गल्ला एकटे एक मशीन आणत असे. मुले ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत तो खेळ त्यात होता. उरलेल्या तिघांपैकी एक तर केवळ आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्या मुलांनी टेकून उभे राहण्यापुरते होते. तू सहाही मशिनांना सारखेच उत्पन्न धरले आहेस. असे कधी घडत नाही.

त्या पानांवर दुसरी एक गोष्ट इतकी ठळक दिसे की तिच्यासाठी तक्त्याची गरजच नव्हती. नवा खेळ बसवला की पहिले दोन-तीन आठवडे गल्ला भरून वाहत असे आणि मग उतरू लागे, कारण वाईची मुले तीच ती होती; ज्याला खेळ पुरता जमला तो एका नाण्यात अर्धा तास मशीन अडवून बसे आणि ज्याला जमत नसे तो यायचा थांबे. नव्याचे नऊ दिवस ही म्हण आमच्या धंद्यात जवळजवळ शब्दशः खरी होती. त्यावर तुझ्या बाबांचा उपाय म्हणजे बोर्ड, म्हणजे ज्यात खेळ साठवलेला असतो तो आतला भाग, बदलणे. जपानमध्ये १९८५ मध्ये बोर्ड आणि कॅबिनेट, म्हणजे मशीनची बाहेरची पेटी, यांच्यातील जोड एकसारखा ठरवला गेला होता, छप्पन पिनांचा. त्यामुळे कॅबिनेट, पिक्चर ट्यूब आणि दांडे तेच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलला की मशीन पुन्हा नवे होत असे. तू घेतो आहेस त्या मशिनांचे तसे नाही. शर्यतीच्या मशीनमध्ये तो एकच खेळ आणि तेच आसन; खेळ जुना झाला की सगळे मशीनच जुने होते.

तू म्हणशील, महाबळेश्वरला गिऱ्हाईक दर आठवड्याला नवे असते. हे मात्र खरे आहे, आणि तुझ्या योजनेतील सगळ्यांत भक्कम बाजू हीच आहे. म्हणूनच तर शाळांना सुट्टी लागली की तुझे बाबा दोन मशिने टेंपोत घालून पसरणीच्या घाटाने वर नेत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाजारपेठेतील घरांना पावसापासून बचावासाठी गवताच्या झडी बांधायला सुरुवात होण्यापूर्वी, खाली आणत. वर खेळाला कोणी विटत नसे, कारण विटण्याइतके दिवस कोणी राहतच नसे. पण वर दिवस थोडे असतात. गावात माणसे तीच आणि दिवस भरपूर, वर माणसे नवी आणि दिवस मोजके. जागेचा हिशेब करताना या दोहोंपैकी आपल्या वाट्याला काय आले आहे हे आधी ओळखावे लागते.

तेव्हा दिवस मोजू. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ मिळून भर हंगामाचे ९० दिवस धर. उरलेल्या वर्षातील शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांचे ७० धर. पावसाचे १०० दिवस मी शून्य धरते. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावी धुके पाहायला येणारी तरुण मंडळी असतात, पण ती मुलांना घेऊन आलेली नसतात. राहिले १०५ साधे दिवस, म्हणजे फेब्रुवारीतला बुधवार. भर हंगामासाठी तुझाच १,६०० चा आकडा मान्य करते. शनिवार-रविवारी त्याच्या निम्मे, आणि साध्या दिवशी चार खेळांचे १६० रुपये. एका मशीनचे हंगामात १ लाख ४४ हजार, सुट्ट्यांत ५६ हजार, साध्या दिवसांत १६,८००. एकूण २ लाख १६ हजार ८००. सहा मशिनांचे १३ लाख. त्यातून मशीन बंद पडलेल्या दिवसांसाठी दहा टक्के काढ, कारण मशीन नेहमी गर्दीच्या दिवशीच बंद पडते आणि सुटा भाग पुण्याहून यायचा असतो. उरले सुमारे ११ लाख ७० हजार. तुझ्या साडेचौतीस लाखांचा हा तिसरा हिस्सा आहे, आणि मी भर हंगामात तुझा रोजचा आकडा न बदलता येथवर आले आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होते. तुझाच साडेचौतीस लाखांचा आकडा खरा मानला, तर त्या तक्त्यात कराची ओळ कोठे आहे? आमच्या वेळी करमणूक कर वेगळा होता, तो १ जुलै २०१७ पासून या करात सामावला गेला. पण कर वेगळ्या नावाने आला म्हणून तो भरायचा राहत नाही.

आता खर्च. हॉटेलवाल्यांचे ४० टक्के म्हणजे ४ लाख ६८ हजार गेले, हाती राहिले ७ लाख २ हजार. एक माणूस नऊ महिने, १५ हजारांप्रमाणे, १ लाख ३५ हजार. वीज : सहा मशिने सरासरी अडीचशे वॅटची धरली, रोज दहा तास, तर दिवसाला १५ युनिट, व्यापारी दराने सर्व आकार धरून युनिटला १४ रुपये लाव, २६५ दिवसांचे ५६ हजार होतात. दुरुस्ती ७२ हजार, पंजाच्या मशीनमध्ये भरायच्या खेळण्यांचे ५० हजार, वाहतूक, विमा, परवाना आणि किरकोळ मिळून ४० हजार. हे सर्व ३ लाख ५३ हजार होते. पहिल्या वर्षी उरतात ३ लाख ४९ हजार.

हे पाहून तुला बरे वाटेल, की दोन वर्षे सात महिन्यांत तरी पैसे सुटतात. सुटले असते, जर गल्ला तसाच राहिला असता. गिऱ्हाईक नवे असले तरी मशीन नवे राहत नाही. पडदा मंदावतो, आसनाचा रेक्झिन फाटतो, शेजारच्या दुकानात याहून झगझगीत मशीन येते. गल्ल्यात, आणि त्याबरोबर खेळण्यांच्या खर्चातही, दरवर्षी पंधरा टक्के घट धरून मी पुढची वर्षे मांडली. दुसऱ्या वर्षी सुमारे अडीच लाख, तिसऱ्या वर्षी १ लाख ६८ हजार, चौथ्या वर्षी ९७ हजार. चार वर्षांचे एकूण ८ लाख ६५ हजार. मशिने भंगारात आणि सुट्या भागांत विकून १ लाख आले असे समजले, तर ९ लाख भरून वर ६५ हजार राहतात, आणि तुझ्या ६ लाखांच्या कर्जाचे तेरा टक्क्यांनी पहिल्याच वर्षाचे व्याज ७८ हजारांपर्यंत जाते. यात तुझ्या स्वतःच्या चार वर्षांच्या मेहनतीला एक रुपयाही धरलेला नाही, आणि माझ्या ठेवीचे बुडालेले व्याजही नाही.

म्हणून या भावात सहाही मशिने घेऊ नयेत असे माझे मत आहे. धंदाच करू नये असे मी म्हणत नाही. एअर हॉकी आणि बास्केटबॉल घ्यावेत. त्यांत जुना होण्यासारखा पडदा नाही, आणि दोन भावंडे समोरासमोर उभी राहिली की तो खेळ पन्नास वर्षांपूर्वीचा आहे की कालचा हे त्यांना कळतही नाही. शर्यतीची दोन मशिने शेजारी शेजारी लावता येत असतील आणि एकमेकांशी जोडलेली असतील तरच घ्यावीत, कारण एकट्याने खेळणारा एकदा खेळतो आणि हरलेला भाऊ पुन्हा एकदा मागतो. नेमबाजीचे मशीन सोडून द्यावे. पंजाच्या मशीनला मी हात लावू देणार नाही. त्याची पकड किती खेळांमागे एकदा घट्ट व्हावी हे आतून ठरवता येते, म्हणजे खेळणाऱ्याचे कौशल्य कोठे संपते आणि दैव कोठे सुरू होते हे मालकाच्या हाती राहते. आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, पण व्हिडिओ गेमच्या नावाखाली भलतेच चालवणाऱ्यांमुळे ही पार्लरे इतकी बदनाम झाली आहेत की पोलिसांपुढे कौशल्य सिद्ध करत बसण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

नाण्यांविषयी थोडेसे, जरी आता कोणी नाणे टाकत नाही. आपली मशिने रुपयाच्या नाण्यावर चालत, आणि त्यातील मोठी अडचण अशी की खेळाचा भाव एका रुपयावरून थेट दोनवरच नेता येत होता. वीज वाढो, भाडे वाढो, मधला मार्ग नव्हता. शेवटी आम्ही टोकने आणली. दहा रुपयांना किती टोकने द्यायची हे आपल्या हाती असे; मूल तेवढे खेळ खेळून जाई आणि पाहुणे मंडळी एखाददुसरे खिशात घेऊन आपल्या गावी जात, म्हणजे न खेळलेल्या खेळाचे पैसे आपल्याकडे राहत. बरे झाले आणली, कारण नाण्याचे मापच पुढे बदलले. स्टेनलेस स्टीलचा जुना रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ मध्ये रुपया लहान झाला आणि नेमक्या त्या मापाचे, त्याच वजनाचे नाणे दोन रुपयांचे म्हणून आले. तू कार्ड ठेव किंवा टोकन, पण चाळीस रुपयांच्या सुट्या खेळाऐवजी दोनशेला सहा असे विकलेस तर गर्दीच्या दिवसांत फरक पडेल.

गर्दीलाही मर्यादा असते हे विसरू नकोस. शर्यतीचा एक खेळ बसण्या-उतरण्यासह तीन मिनिटांचा धरला, तर तासाला वीसच खेळ होतात. बाजारपेठेत माणसे फिरतात ती सूर्यास्त पाहून परतल्यावर, म्हणजे सात ते दहा. रांग न तुटता लागली तरी त्या तीन तासांत साठाच्या पुढे कोणताही मालक जाऊ शकत नाही.

जागेच्या करारात दोन गोष्टी लिहून घे. पावसाळ्यात किमान भाडे नाही, आणि गल्ल्याची किल्ली एकच, ती तुझ्याकडे. उघडताना दोघांनी मिळून मोजायचे आणि मशीनमधील मीटरचा आकडा सहीनिशी लिहायचा. वर ज्या दुकानात आपली मशिने उभी असत तेथे दुसरी किल्ली निघाली होती. ते आम्हाला गल्ल्यावरून कळले नाही, मीटरवरून कळले.

तोच मीटर आता तुझ्या कामाचा आहे. खेळ झाला की तो एकाने पुढे जातो. विक्रेत्याला गल्ला विचारू नकोस. सहाही मशिनांचे मीटर या गुरुवारी उतरवून घे, पुढच्या गुरुवारी पुन्हा उतरव, आणि दोन्ही आकडे घेऊन संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी ये. हिशेबात माझी चूक निघाली तर ठेवीची पावती कपाटाच्या वरच्या खणात आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात की शर्यतीच्या मशीनचे चाक पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून सोडून दे आणि पडद्यावरची गाडी सरळ जाते का ते पाहा. नाही गेली तर चाक किती फिरले हे ओळखणारा आतला भाग, पोटेन्शियोमीटर, झिजलेला आहे, आणि त्यासाठी त्यांना बोलावलेस तर ते तपासणीचे पैसे घेणार आहेत.