रोजगाराचा आकडा आणि वयाची अट

महोदय,

गृहसजावट आणि दुरुस्तीच्या सामानाचे नवे महादालन उघडल्याची बातमी काल आपल्याकडे वाचली. रोजगाराचा आकडा मथळ्यातच आहे. पण त्यात कायम नोकऱ्या किती, कंत्राटी किती, अर्धवेळ किती, याबद्दल बातमीत एक ओळही नाही. इमारत बांधणारे गवंडी आणि वायरमनही त्यात धरलेत का? त्यांचे काम तर उद्घाटनाआधीच संपले.

मला खरा राग आला तो 'तरुणांना सुवर्णसंधी' या शब्दांचा. माझ्या थोरल्या भावाचे आयुष्य हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे गेले. भिंतीला कोणता प्लग लागेल, ओल असताना पुट्टी का भरू नये, कोणत्या नळाला कोणता वॉशर बसेल, हे गिऱ्हाइकाच्या दोन वाक्यांवरून दादा सांगायचा. ते दुकान बंद पडल्यावर त्याने अशाच एका मोठ्या दालनात अर्ज केला. 'वयात बसत नाही' एवढेच उत्तर मिळाले. काय येते, हे कुणी विचारलेसुद्धा नाही. पुढे त्याच दालनात मी गीझरच्या लाइनसाठी पाइप मागितला, तर तिथल्या मुलाने साधा पीव्हीसी काढून दिला. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, हे त्याला माहीत नव्हते. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला शिकवू शकला असता अशा माणसाला दारातूनच परत पाठवले होते.

ब्रिटनमध्ये याच धंद्यातल्या 'बी अँड क्यू' कंपनीने १९८९ साली मॅकल्सफील्डचे अख्खे दालन पन्नाशीपुढच्या माणसांच्या हाती दिले. वॉरिक विद्यापीठाने त्याची इतर दालनांशी तुलना केली, तर नफा १८ टक्के जास्त आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सहापटीने कमी आढळले. धंद्याच्या हिशेबानेसुद्धा वयाची अट तोट्याची आहे.

आपल्या प्रतिनिधीने या नव्या महादालनाच्या कंपनीला दोनच प्रश्न विचारावेत: पन्नाशीच्या पुढची माणसे किती घेतली, आणि वर्षभरानंतर यांतले किती जण कामावर असतील? उत्तरे मथळ्याइतक्याच ठळक टाइपात छापा.

आणि हे पत्र छापणार असाल तर वयाच्या अटीचा भाग कृपया कापू नका. मागच्या पत्रातून आपण नेमका तोच परिच्छेद गाळला होता.

— एक नियमित वाचक