सही करू की नको?

हर्णै,
कोजागिरीनंतरचा सोमवार

प्रिय दिन्या,

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मग मी चिडतो आणि आपण दोघं बाळ्याच्या लग्नातल्या भांडणापर्यंत मागे जाऊन पोचतो. हे तुला सलग वाचायला हवंय. इथे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘मिळतंय ते घे आणि मोकळा हो’ एवढंच उत्तर येतं. आमची तब्येत बरी आहे. आईचा गुडघा होता तसाच.

बोटीच्या नुकसानीबद्दल विमा कंपनीचं पत्र आलं. सोबत डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे दावा मिटला असं लिहून द्यायचा कागद. दुरुस्तीचा अंदाज साडेनऊ लाखांचा होता, त्यावर मंजूर झाले दोन लाख चाळीस हजार, आणि खाली ‘संपूर्ण व अंतिम समाधान’ या शब्दांवर माझी सही हवी. एजंट म्हणतो, दिवाळीच्या आत सही केलीत तर पैसे दिवाळीच्या आत.

बोट कशी लागली ते तुला बाळ्याने सांगितलंच असेल. त्याने सांगितलं म्हणजे लाटा दुप्पट उंच झाल्या असणार, तेवढ्या वजा कर. नारळी पौर्णिमेनंतर वादळी वाऱ्याचा इशारा आला आणि नेहमीप्रमाणे हर्णैच्या सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीकडे पळाल्या. ओहोटी लागली होती. बाहेर थांबायची सोय नव्हती, सुवर्णदुर्गाच्या बाजूला खडक आहेत हे तुला मी काय सांगू. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, आत घ्यायचा निर्णय घेतला तो बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन. तोंडाशी गाळाच्या पट्ट्यावर बोट टेकली आणि लाटांनी आपटत राहिली. पंख्याचा शाफ्ट वाकला, गिअरबॉक्सला तडा गेला, खालच्या दोन फळ्या उघडल्या, इंजिनात खारं पाणी. पोरं सगळी सुखरूप, हे खरं. त्या गाळासाठी किती निवेदनं दिली असतील गावाने! आपण शाळेत होतो तेव्हा तुझे तात्या त्यावर सह्या गोळा करत फिरायचे.

पुढच्या भरतीला बाळ्याच्या बोटीने ओढून काढली. ओढण्याआधी मी मोबाइलवर सगळे फोटो घेतले, कारण तुझं वाक्य डोक्यात पक्कं होतं: आधी फोटो, मग हात. फिटरने त्याच रात्री इंजिन उघडून गोड्या पाण्याने धुतलं आणि तेल सोडलं. खारं पाणी तसंच राहिलं तर इंजिन जाम होतं, हे बंदरावरच्या पोरालाही कळतं. नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर मात्र आला पुढच्या आठवड्यात. आला तोच म्हणाला, ‘आमच्या पाहणीआधी इंजिन का उघडलं?’

मग पत्रात काय, तर इंजिनाचं नुकसान ‘झीज व देखभालीतील त्रुटी’. शून्य. ओढून काढायचा खर्च ‘पॉलिसीत नाही’. शून्य. फळ्यांना जुन्याच्या जागी नवं म्हणून एक तृतीयांश कापलं. वर आपण सोसायचा पहिला भाग वजा.

दिन्या, मी 1963 चा सागरी विमा कायदा आणून वाचला. रात्री जागून, शब्दकोश घेऊन. कलम 55 मध्ये झीज वगळली आहे, उंदरांनी केलेलं नुकसान वगळलंय (हे ऐकून दामूकाका म्हणाले, बोटीवरच्या मांजरीला खलाशाच्या पटावर घ्या), आणि यंत्राची इजा वगळली आहे, पण कोणती? जी समुद्रातल्या संकटामुळे थेट झालेली नाही ती. माझी तर त्यामुळेच झाली! बोट गाळावर आपटली म्हणून फळी उघडली, फळी उघडली म्हणून पाणी आलं, पाणी आलं म्हणून इंजिन गेलं. यात झीज कुठे बसते? आणि कलम 78 म्हणतं की नुकसान टाळायला किंवा कमी करायला वाजवी ते सगळं करणं हे विमा घेणाऱ्याचं कर्तव्यच आहे. मी बोट ओढून काढली, इंजिन धुतलं, ते कर्तव्यच केलं ना? त्याच कामाबद्दल मला दोषी धरतात. याचा संताप होतो, पैशापेक्षा जास्त.

तुला हे कळेल, कारण 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या पुरात तुझी गाडी बुडाली तेव्हा तू चिखलात उभा राहून अव्याला ओरडला होतास, ‘चावीला हात लावू नकोस!’ तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस घर सोडून गाडीचं काय घेऊन बसलाय. पाणी भरलेलं इंजिन चालू केलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता आणि ते नुकसान तुझ्याच माथी मारलं असतं, हे तू नंतर समजावलंस. तरीही चार वर्षं ओलांडलेली गाडी म्हणून धातूच्या भागांवर 35 टक्के, रबर-प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा कापलाच. काचेवर कापत नाहीत, आणि तुझी एक काच फुटेल तर शपथ. पण तू सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घेतलीस आणि ओळन् ओळ भांडलास. मला तो अर्ज हवाय, त्यातली भाषा हवीय.

आता खरी अडचण. बोट किनाऱ्यावर उभी आहे, हंगाम चाललाय, खलाशांना दिलेली उचल अडकली, बँकेचा हप्ता थांबत नाही. दोन लाख चाळीस हजारांत निदान फळ्या आणि शाफ्ट होईल. सही केल्यावरही दार पूर्ण बंद होत नाही म्हणतात. दबावाने किंवा फसवून सही घेतली असेल तर व्हाउचर आड येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा निकाल आहे. पण दबाव आपण सिद्ध करायचा. एजंटाने हे सगळं तोंडी सांगितलंय, लेखी काही नाही. मग कसं सिद्ध करू?

दुसरी वाट विमा लोकपालाची. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग पुण्याच्या कार्यालयात अर्ज. फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक. पण तोवर हंगाम निम्मा गेलेला असेल. तुझ्या वहिनीचं मत, सही करू नये, ती गळ्यातलं ठेवायला तयार आहे. मला ते नकोय. बाळ्या म्हणतो सही कर, पण बाळ्याने तर ओढून काढल्याच्या डिझेलचेही पैसे घेतले नाहीत, त्याचा सल्ला आणि त्याचं मन यांत मी काय धरू?

माझा कल लढायकडे आहे. मंजूर झालेली रक्कम ‘हक्क राखून, हरकतीसह’ स्वीकारतो असं लिहून दिलं तर चालेल का? तू तेव्हा असंच काहीतरी लिहिलं होतंस असं आठवतं. ते नेमकं कसं लिहिलंस आणि कंपनीने काय केलं, एवढं कळव.

नव्या नोकरीचं छान झालं. पोरीची दहावी आहे, तिला फार छळू नकोस, तू स्वतः गणितात कसा निघालास ते मला माहीत आहे. वहिनींना नमस्कार, सुकट पाठवतो म्हणून सांग.

व्हाउचर शुक्रवारपर्यंत परत मागितलंय. गुरुवारी रात्री फोन कर. त्या दिवशी मी तुला मध्ये तोडणार नाही. अर्जाचा फोटो त्याआधी पाठव.

तुझा,
सुऱ्या