नाल्याकाठची डबी आणि उद्यानाची परवानगी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या वसाहतीतील उद्यानालगतच्या नाल्याकाठी, करंजाच्या मुळांच्या बेचक्यात, गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीने व मी लपवलेली वस्तू शोधण्याच्या एका खेळासाठी एक लहान डबी ठेवली होती. तीत नोंदवही, पेन्सिल आणि चार काचेच्या गोट्या होत्या. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत ती कचऱ्याबरोबर गेली. सफाई कामगारांचा यात काहीही दोष नाही. आम्ही परवानगी तोंडी घेतली होती आणि डबीवर ती कशाची आहे हे लिहिलेले नव्हते.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. डबीचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवले जातात, शोधणारा मोबाइलच्या आधारे तेथे पोहोचतो, वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तेथेच ठेवतो. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणेच्या, नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली आणि ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी या खेळातील पहिली डबी म्हणून एक बादली लपवली. ती अर्धवट पुरलेली होती; आता मात्र परवानगीशिवाय जमीन खणून डबी पुरण्यास मनाई आहे, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते, खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत आणि जागामालकाची संमती आवश्यक असते. हे नियम मला मनापासून पटतात, कारण सार्वजनिक जागी सापडलेली बेवारस डबी पाहून कोणाच्याही मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

आपल्या खानदेशात नाल्याचा विचार निराळा करावा लागतो. वर्षातील बरेच महिने कोरडा असणारा नाला एका जोरदार सरीत दुथडी भरतो. म्हणून झुडपांना अडकलेल्या काडीकचऱ्यावरून गतवर्षीचे पाणी कुठवर चढले होते ते पाहावे आणि डबी त्याहून बरीच वर ठेवावी, म्हणजे शोधणाऱ्या मुलांनाही उतारावर जावे लागणार नाही. जळगावच्या वैशाखात पातळ प्लास्टिक तडकते, स्टीलचा डबा भंगारात जाण्याची भीती असते. रबरी कडेचे घट्ट झाकण असलेला जाड प्लास्टिकचा डबा सावलीत बरा टिकतो. मोबाइल झाडाखाली काही मीटर चुकतो, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी मोजणी करून सरासरी घ्यावी. माझ्या नातीने हे काम तीन दिवस नेटाने केले आणि भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश तिला तेव्हा खऱ्या अर्थाने समजले.

महापालिकेच्या उद्यान विभागास माझी विनंती आहे की, अशा डबीसाठी एक पानी अर्ज ठेवावा, त्यात जागा व ठेवणाऱ्याचा संपर्क नोंदवावा आणि त्याची प्रत उद्यानाच्या रखवालदाराकडे व सफाई विभागाकडे द्यावी. नवी जागा आम्ही नाल्यापासून दूर, उद्यानाच्या कुंपणाच्या आत पाहिली आहे. लेखी संमती मिळेपर्यंत डबी घरीच राहील.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, जळगाव