मंगाला बालविभागात ढकलू नका

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

परीक्षा संपल्या की वाचनालयांच्या बालविभागात मुलांची गर्दी होते. तिथे आता मराठी गोष्टींच्या पुस्तकांशेजारी मंगा, म्हणजे जपानी चित्रकथाही दिसू लागल्या आहेत. चित्रे आहेत म्हणजे लहान मुलांचे, एवढ्याच हिशोबाने त्या तिथे लावलेल्या असतात. मग आठ वर्षांच्या मुलाच्या हाती नोकरदार बायकांच्या मोडलेल्या लग्नाची कथा पडते. आणि शाळकरी प्रेमकथा जिच्यासाठी काढल्या जातात ती चौदा वर्षांची मुलगी त्या बुटक्या कपाटाकडे फिरकतही नाही. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या आपल्या नाशिकमध्ये कुठल्याच वाचनालयात ही गल्लत होऊ नये, म्हणून हे पत्र.

जपानमध्ये मंगा आधी मासिकातून क्रमशः येतो आणि मासिक कोणत्या वयाचे, हे ठरलेले असते. 1955 पासून निघणारे ‘रिबोन’ शाळकरी मुलींचे, तर ‘बी लव्ह’ प्रौढ स्त्रियांचे. पहिल्या प्रकाराला शोजो म्हणतात, दुसऱ्याला जोसेई. मुलांसाठीच्या मंगात अवघड कांजी (चिनी वळणाच्या) अक्षरांशेजारी बारीक टाइपात उच्चारही छापतात. ते पाहूनच वयाचा अंदाज येतो. आपल्याकडे येतात ती इंग्रजी भाषांतरे, त्यात या खुणा उरत नाहीत. उरते ते मुखपृष्ठ, आणि मोठे डोळे तर दोन्हींकडे सारखेच.

म्हणून पुस्तक उलटून मुखपृष्ठाच्या विरुद्ध बाजूचा पुठ्ठा पाहावा. बारकोडच्या आसपास वयाची खूण असते. ‘विझ’ या प्रकाशनाच्या पुस्तकांवर ए म्हणजे सर्वांसाठी, टी म्हणजे 13 च्या पुढे, टी प्लस म्हणजे 16 च्या पुढे आणि एम म्हणजे 18 च्या पुढे. टी कुमारांच्या कपाटात, टी प्लस मोठ्या मुलांच्या, एम प्रौढ विभागात. बालविभागात फक्त ए.

पण एवढ्यावर विसंबून चालणार नाही. ही खूण मुख्यतः नग्नता, रक्तपात आणि शिवीगाळ मोजते. वागणूक तिच्यातून नीट कळत नाही. मुलगा मुलीला भिंतीशी अडवतो, ती नको म्हणते ते त्याला ऐकूच येत नाही, आणि पुढच्या चौकटीत तिच्यामागे फुले उमलतात. असे प्रसंग 13 च्या पुढच्या कथांतही सापडतात. तेव्हा पहिला खंड कुणीतरी पूर्ण वाचलाच पाहिजे. पाने 180 ते 200 असली तरी मजकूर कमी, तासाभरात होतो. असे पुस्तक काढून टाकावे असे मला वाटत नाही. ते बाराव्या वर्षी नव्हे, पंधराव्या वर्षी द्यावे आणि त्यावर मुलांशी बोलावे.

प्रेमकथा मुळात ठेवायच्याच कशाला, असे पालक विचारतात. कारण आपल्या कुमारसाहित्यात साहस आहे, विज्ञान आहे, देशभक्ती आहे. मन जडणे मात्र जवळजवळ नाही. ‘किशोर’च्या वयातून बाहेर पडलेली मुले थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर नाहीतर मोबाइलवर जातात. चांगला शोजो या मधल्या वयाला धरून असतो. शाळेच्या दाराशी बूट ठेवायचे कप्पे, एकाचा दरवाजा अर्धवट उघडा, आत चिठ्ठी. पुढच्या चौकटीत फक्त बोटे. पानभर संवाद नाही. मुलीच्या मनातले शब्द संवादाच्या फुग्याबाहेर मोकळ्या जागेत तरंगतात, चौकटीच्या रेषाही पुसट होतात. तेरा वर्षांच्या वाचकाला ती शांतता बरोबर कळते, तिथे तात्पर्य लिहावे लागत नाही.

हीच अपेक्षा मराठी चित्रपुस्तकांकडूनही आहे. छापलेला कागद दुमडून आठ किंवा सोळा पानांचा गठ्ठा (फॉर्म) होतो, म्हणून चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचे असते. जाणता चित्रकार गंमत पान उलटल्यावर दाखवतो. आपल्याकडे पुष्कळदा ती डाव्या पानावरच्या मजकुरात आधीच सांगून टाकलेली असते, अक्षरे गडद चित्रावर छापलेली असतात आणि शेवटच्या पानावर बोध. नुकते वाचू लागलेल्या मुलाला जोडाक्षर दिसायला मोठा टाइप, दोन ओळींत भरपूर जागा आणि मागे कोरा कागद लागतो.

आता वाचनालयातल्या कामाचे. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण ज्याला मागचा पुठ्ठा म्हणू तिथून कथा सुरू होते. चौकटी आणि फुगेही उजवीकडून. नेहमीच्या सवयीने तारखेची चिठ्ठी शेवटच्या पानावर डकवली, की ती नेमकी कथेच्या पहिल्या चित्रावर बसते. दाखल क्रमांकाची पट्टी कण्यावर चिकटवताना खंडाचा आकडा झाकला जातो आणि मुले दुसऱ्याआधी तिसरा नेतात. पट्टी आकड्याच्या वर किंवा खाली लावावी.

खरेदीत लांब मालिकांचा मोह टाळावा. खंडाला साधारण 400 ते 600 रुपये पडतात. बारा खंडांची मालिका म्हणजे पाच-सात हजार, आणि चौथा हरवला की पुढचे आठ पडून. तीन ते पाच खंडांत संपलेल्या कथा घ्याव्यात, पहिल्या खंडाच्या दोन प्रती. पेट्यांतून फिरणाऱ्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’सारख्या योजनेत एका मालिकेचे खंड दोन पेट्यांत विभागू नयेत. स्वस्त नकली प्रती तर नकोच: मूळ चित्रातल्या राखाडी छटा बारीक ठिपक्यांच्या असतात, स्कॅन करून छापल्यावर त्यांचे पट्टे-डाग होतात आणि कण्याजवळचे शब्द बांधणीत गडप होतात.

ही पुस्तके गोंदावर बांधलेली असतात. सपाट उघडून दाबली की कणा तडकतो आणि मधली पाने सुटतात. सुटलेल्या पानावर सेलोटेप लावू नये. ती पिवळी पडते, तिचा गोंद पाझरून शेजारचे पानही चिकटते. पानाच्या कडेला ब्रशने फेव्हिकॉलची अगदी बारीक रेघ ओढून ते खोल बसवावे, दोन्हीकडे बटर पेपर घालावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक