बेल एकदाच वाजव

परळ, मुंबई

चि. स्वाती हीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकूंकडून कळायच्या आत मीच सांगतो. गेल्या मंगळवारी मी घरात पडलो. हाड मोडलेलं नाही, कोपर सोलवटलंय आणि कंबर काळीनिळी झालीय. तीस वर्षं चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, कधी तोल गेला नाही. आणि दहा बाय बाराच्या खोलीत ऑक्सिजनच्या नळीत पाय अडकून आडवा झालो!

दारावर कुरियरवाला आला होता. बेलवर बेल वाजवत होता. मी खुर्चीतून उठलो तो गर्रकन वळलो, आणि नळीचा वेढा घोट्याला बसला. फिजिओथेरपीच्या बाईंनी नेमकं हेच आधी बजावलं होतं: जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, छोटी पावलं टाकत वळायचं, आणि उठताना नळीचं वेटोळं हातात धरायचं. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती.

आता लांबलचक नळी काढून मोरीपर्यंत पुरेल एवढीच लावलीय. मोरीत दांडा ठोकून घेतला, अंघोळ स्टुलावर बसून. पावसाळ्यात आपल्या लादीला कसा ओलावा सुटतो ते तुला ठाऊकच आहे. रात्री उठायचं झालं तर आधी कॉटच्या कडेला मिनिटभर बसतो. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तू हौसेने पाठवलेला गालिचा माळ्यावर गेलाय. रागावू नकोस, त्याची कड पायात येत होती.

आईशी मात्र समईवरून वाजलं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. म्हणून ज्योतीपासून दहा फूट तरी लांब राहायचं. आपल्या घरात दहा फूट आणायचे कुठून? शेवटी देवापुढे विजेचा दिवा आला, आणि गॅस पेटला की मी गॅलरीच्या दारात. बिडी ओढणाऱ्या मित्रांना जिन्यातच थांबवतो. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावायचो, तेही बंद. तेलकट पदार्थ ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकतो. आता पाण्यापासून बनवलेली, तेल नसलेली जेल लावतो. नळी काढली की ऑक्सिजनचं मशीन बंद करायचं, नाहीतर ऑक्सिजन गोधडीत मुरत राहतो. वीज गेली तर छोटा सिलिंडर आहे, कपाटाला साखळीने उभा बांधलेला.

आणि फोनवर ‘दम लागला तर ऑक्सिजन मिनिटाला दोनाचे तीन लिटर करा’ म्हणतेस, ते नको. माझ्यासारख्या सीओपीडीवाल्याला (फुप्फुसांचा जुनाट आजार) डॉक्टरांनी रक्तातल्या ऑक्सिजनचा ८८ ते ९२ टक्के एवढाच आकडा ठरवून दिलाय. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन घेतला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, आणि गुंगीत माणूस पुन्हा पडतो. काही वाटलं तर डॉक्टरांना विचारू.

गणपतीला येशील तेव्हा दारावर बेल एकदाच वाजव. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चला, हे लहानपणी तूच माझ्या बसमध्ये मोठ्याने म्हणायचीस. नळी गोळा करून मी सावकाश येतो.

तुझा,
बाबा