यंदा फराळाचा डबा तिकडून येणार

चि. अमेय यास,

अनेक आशीर्वाद.

यंदा फराळ तुम्ही दोघं करून आणणार, हे ऐकून बरं वाटलं. पण कपाटातल्या डब्यात बसून राहणारा फराळ वेगळा आणि रात्रभर गाडीत हिंदकळत येणारा वेगळा. तेव्हा आवडीनं नव्हे, प्रवासाच्या हिशेबानं पदार्थ निवडा. चिवडा, चकली, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू, एवढं पुरे. करंज्या आणू नका. त्यांचे पापुद्रे चुरतात, आणि सारण ओल्या नारळाचं असेल तर लगेच आंबूस होतं. त्या इथे आल्यावर करू.

अनारसे मात्र तळून न आणता त्यांचं पीठ आणा. ते प्रवासात बिघडत नाही, उलट मुरतं. त्यासाठी कोजागिरीलाच तांदूळ भिजत घाला. अर्धा किलो जुने तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी चुकलं तरी उग्र वास पिठात राहतो. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे. हाताला दमट लागतात तेव्हाच मिक्सरवर बारीक करून मैद्याच्या चाळणीनं चाळायचे. पार कोरडे झाले तर गूळ धरत नाही, ओले राहिले तर पिठाचा चिकट गोळा होतो. चाळलेलं पीठ तोलून घ्या. अर्ध्या किलोला पावणेचारशे ग्रॅम मऊ चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप, मळून गोळे करून डब्यात ठेवा. निदान चार-पाच दिवस तरी मुरू द्या.

अनारसा हसतो, म्हणजे तुपात पडल्या पडल्या पसरून विरघळतो, तो बहुधा गूळ जास्त झाल्यामुळे. म्हणून आधी एकच तळून बघायचा. हसला तर त्याच तांदळाचं थोडं पीठ मिसळायचं. त्यासाठी मूठभर पीठ गूळ न घालता पूर्ण वाळवून वेगळं बांधून आणा. गोळा कोरडा पडून थापताना फुटत असेल तर पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून मळायचा. खसखस लावलेली बाजू वर ठेवायची आणि अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं.

चकलीची भाजणी विकतची घेतलीत तरी मी काही बोलणार नाही. घरी करायची असेल तर चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, पाव वाटी धने. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तांदळाला लागणारा वेळ आणि डाळीला लागणारा वेळ सारखा नसतो. दोन वाट्या भाजणीला दोन वाट्या पाणी घ्या. तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि दोन मोठे चमचे तेलाचं मोहन घालून पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घाला. झाकून पंधरा मिनिटं ठेवा, मग मळा. इथेही पहिली चकली परीक्षेची. तेलात सुटून तुकडे झाले तर मोहन जास्त झालंय, थोडी भाजणी आणखी घाला. दगडासारखी कडक झाली तर चमचाभर गरम तेल मळा.

बहुतेकांची चकली मऊ पडते ती पिठामुळे नव्हे, घाईमुळे. तेल फार तापलेलं असलं की रंग पटकन येतो, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी चकली वातड होते. मध्यम आचेवर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट चकलीची वाफ झाकणाला लागते आणि सगळा डबा सादळतो. गोल डब्यात एकावर एक रचा आणि मधल्या पोकळीत कागद चुरगळून कोंबा.

चिवड्याला अर्धा किलो पातळ पोहे मंद आचेवर चुरचुरीत करा. आच मोठी झाली की पोहे आक्रसतात. फोडणीतली मिरची आणि कढीपत्ता कुरकुरीत झाल्याशिवाय पोहे घालू नका, कारण नरम राहिलेल्या मिरचीची ओलच चिवडा बिघडवते. लाडवांसाठी चार वाट्या रवाळ बेसनाला पावणेदोन वाट्या तूप. तुपात भाजलेलं मिश्रण कोमट झाल्यावरच पिठीसाखर घाला, नाहीतर ती विरघळते आणि लाडू बसतात. शंकरपाळी तुला येतेच.

आता तिकिटाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. जाण्याचं आणि परतीचं आरक्षण वेगवेगळ्या दिवशी उघडणार, तेव्हा दोन्ही तारखा आत्ताच लिहून ठेव. परतीचं भाऊबीजेनंतरचं काढ. भाऊबीजेच्याच रात्रीचं काढलंस तर ताईकडे जेवून स्टेशन गाठताना सगळ्यांचीच धावपळ. तत्काळच्या भरवशावर राहू नकोस. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला आणि बाकीचं अकराला. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं.

धनत्रयोदशीच्या रात्री गाडीत बसू नका. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयाआधीचं, आणि गाडी वेळेवर आली तरी घरी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. वसुबारसेच्या रात्री निघा. तिथीच्या क्षयवृद्धीमुळे एखाद्या वर्षी चतुर्दशीची आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतं, म्हणून तिकीट काढण्याआधी दिनदर्शिका उघडून बघ.

सामानात लाडवांचा डबा सगळ्यांत वर, चिवडा खाली. फटाके चुकूनही बरोबर घेऊ नका, गाडीत त्यांना बंदी आहे. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि कागद इथे आहेत, तयार कंदील आणलात तर तो वाटेत चेपणार.

चिमणीच्या किल्ल्याची माती बाबा आणून ठेवतील. हळीव तुम्ही यायच्या चार दिवस आधी पेरते. भिजले की ते एकमेकांना चिकटतात, म्हणून कोरडेच विरळ भुरभुरायचे, वर माती घालायची नाही, नुसतं पाणी शिंपडायचं. बुरूज मात्र तिलाच करू दे.

सोऱ्या इथला मोडलाय, तुमचा घेऊन या.

तुझी,
आई